दोघांत रोजचे सोळाशे

माधवनगरला मी सहा वर्षं ज्यांच्या वरच्या खोलीत भाडेकरू होते, त्या सुभेदार काकांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, तुम्ही गणित शिकवता म्हणता, तर सरासरी कितवीत असते? मी म्हटलं, सातवीपर्यंत सगळ्यांची होऊन जाते. ‘मग ठीक आहे,’ म्हणाले आणि भाडं शंभर रुपयांनी कमी केलं. मला वाटलं, शिक्षकांबद्दल आदर असेल. पुढे कळलं की त्यांना त्यांच्या हिशोबाच्या वह्या तपासायला एक तिसरा माणूस हवा होता, नात्यातला नसलेला, आणि तो त्यांना महिना शंभर रुपयांत मिळाला होता.

काकांनी फौजेत अठ्ठावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. बुटांच्या नाड्यांपासून तंबूंपर्यंत काय आलं, काय गेलं, ते लिहिणं हेच काम. घरी आल्यावर त्यांनी घराचंही स्टोअर करून टाकलं. स्वयंपाकघराच्या दाराआड एक यादी चिकटवलेली असे. त्यात पळ्या पाच, झारे दोन, वाट्या अठरा, पैकी एक पोचलेली, असं सगळं. दर महिन्याच्या एक तारखेला मोजणी व्हायची. एकदा मी काकींनी दिलेली खीर खाऊन वाटी वरतीच विसरले, तर रात्री जिन्यात येऊन त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारलं, ‘बाई, एक वाटी तुमच्याकडं डेप्युटेशनवर हाय का?’ मी वाटी दिली. त्यांनी त्याची पोच दिली.

रोज संध्याकाळी सात वाजता ते हात धुवायचे, डोक्यावर टोपी चढवायचे आणि हिशोबाला बसायचे. टोपीशिवाय आकडा लिहायचा नाही, असा त्यांचा नियम होता. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, उघड्या डोक्यानं माणूस गप्पा मारतो. लिहून झालं की पानाखाली एक सही त्यांची, एक काकींची. स्टोअरमध्ये देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशा दोन सह्या लागतात आणि दोन सह्या झाल्याशिवाय पान बंद होत नाही, हे त्यांच्या रक्तात होतं. काकी चौथी शिकलेल्या. सही करायला त्यांना भाजी फोडणीला टाकण्याइतका वेळ लागे, पण पान वाचल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही. एकदा त्यांनी चार दिवस सही अडवून धरली होती, कारण काकांनी बहिणीला दिलेल्या साडीचा आकडा ‘किरकोळ’मध्ये घातला होता.

महाग किंवा स्वस्त हे शब्द काका वापरत नसत. ‘बसतंय’ किंवा ‘बसत न्हाई’ एवढंच. मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटपासून कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत सगळ्या जगाचे त्यांनी हे दोनच भाग केले होते.

अशा माणसाला परदेशी हिंडायची हौस लागली, ही गोष्ट गल्लीतल्या कुणाच्या गळी उतरली नाही. त्यातून टूरबरोबर नाही. पाठीवर सॅक टाकून, दोघांनीच, जिथे जागा मिळेल तिथे राहायचं आणि हातानं भात शिजवून खायचा. ही कल्पना त्यांना कुठून आली, हे त्यांनी मला तीन वेळा तीन तऱ्हेनं सांगितलं, त्यामुळे मी ते इथे लिहीत नाही. तयारी मात्र मी डोळ्यांनी पाहिली. पहिल्या दौऱ्याआधी महिनाभर दोघं सात-सात किलोच्या सॅका पाठीवर लावून माधवनगरहून सांगलीच्या बाजारात चालत भाजी आणायला जात. काकी नऊवारीत, पायात पांढरे बूट. शाळेतली पोरं मला विचारायची, बाई, तुमचे घरमालक गाव सोडून चाललेत का? मी वर्गात ‘वजन’ हा धडा काढायचे आणि विषय बदलायचे.

मग आठवडाभर गच्चीवर पिशवीत शिरून झोपायचा सराव झाला. काकांनी काकींना पिशवीची चेन कशी लावायची, सॅक उशाला कशी घ्यायची, सामान अंधारात हाताला कसं लागलं पाहिजे, ते सगळं फौजी पद्धतीनं शिकवलं. काकी शांतपणे ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी दळण करता करता मला म्हणाल्या, ‘मला जमिनीवर निजायला शिकीवत्यात, बघा.’

यातली मेख मला नंतर कळली. काकी जतकडच्या. वडील मेंढरं राखायचे. दसरा झाला की त्यांचं सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून कळपाबरोबर पश्चिमेला निघायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. लग्न होईपर्यंत काकींनी वर्षातले सात-आठ महिने एका जागी तीन रात्रींपेक्षा जास्त काढल्या नव्हत्या. काकांचे आजोबाही त्यातलेच, पण वडिलांनी जमीन केली आणि काकांनी तर भिंतीत खिळा ठोकतानासुद्धा नोंद केली. त्यामुळे त्या घरात खरा हिंडलेला माणूस एकच होता आणि तो चूल सांभाळत होता. काकींचं सामान दहा मिनिटांत बांधून व्हायचं. काकांची यादीच दहा मिनिटं चालायची.

आता त्या सोळाशे रुपयांबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

कुंडलला काकांच्या बहिणीचं सासर. दाजी ऊसवाले, मोठे बागायतदार, दारात दोन ट्रॅक्टर. त्यांच्या धाकट्या मुलाच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, दाजींनी चारचौघांत काकांची फिरकी घेतली. म्हणाले, पेन्शन खिशात चावती वाटतं सुभेदारांना, म्हातारपणी बायकोला पाठीवर ओझं देऊन भीक मागत हिंडवणार. लोक हसले. काकीही तिथेच वाढत होत्या. बहिणीच्या नवऱ्याला मांडवात उलट बोलत नाहीत, हे काकांना माहीत होतं. त्यांनी हातातला घास खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले:

‘दाजी, घरात बसून आमा दोघांस्नी रोजचे सोळाशे लागत्यात. तीन वर्षांच्या वह्या हायत्या. त्याच सोळाशेत आमी परदेशात राहून दावतो. कुठल्याबी दौऱ्याची सरासरी एक रुपाया वर गेली, तर माझा पासपोट तुमच्या तिजोरीत. पुना मागायचा न्हाई.’

दाजी म्हणाले, आन विमानाचं? काका म्हणाले, विमान म्हणजे लग्नाला यायची एसटी, ती कुणी जेवणाच्या खर्चात धरत नाही. दाजींना हे पटलं, किंवा काका हरणारच आहेत म्हणून त्यांनी सोडून दिलं. ते घरी आल्यावर मी सोळाशेचा आकडा तपासला. आहेर, औषधं, पेट्रोल, वीज, पाहुणेरावळे, घराची डागडुजी असं सगळं धरून खरंच तेवढाच येत होता. त्या दिवसापासून मी नुसती भाडेकरू राहिले नाही. प्रत्येक दौऱ्याची वही वेगळी, मागच्या दौऱ्याची शिल्लक पुढच्यात ओढायची नाही आणि शेवटच्या पानाखाली दोघांच्या सह्या झाल्यावर तिसरी माझी, असं ठरलं.

व्हिएतनामला दोघं महिनाभर होते, सरासरी आली पंधराशे चाळीस. श्रीलंकेत पंधराशे पंच्याऐंशी. रोज रात्री वहीच्या पानाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर यायचा. काकांचं फौजी अक्षर: खोली ६२०, तांदूळ ७०, बस दोघं १४०, केळी ३०, संडास दोघं २०. देवळांचे आणि समुद्रांचे फोटो त्यांनी कधी टाकले नाहीत. पुण्याहून मुलगा लिहायचा, बाबा, एखादा आईचा फोटो टाका. मग दुसऱ्या दिवशी काकींचा फोटो यायचा आणि त्यात काकी हातात वही धरून उभ्या असायच्या.

काकांना परक्या नोटांवरची शून्यं फार त्रास द्यायची. व्हिएतनामात सकाळचा चहा पंधरा हजारांना पडला म्हणून ते पहिल्या दिवशी चहाच प्यायले नाहीत. त्यावर काकींनी तोड काढली. नव्या देशात उतरलं की पहिल्या सकाळी त्या बाजारात जाऊन एक अंडं विकत घेत. अंड्याला किती पडले ते कळलं की त्या देशात कोण फसवतंय नि कोण नाही, हे त्यांना कळे. रिक्षावाला चाळीस अंडी मागतोय म्हटल्यावर त्या सरळ चालू लागत. काका मागून नोटा मोजत येत.

मला या दोघांचा अभिमान वाटायला लागला होता, हे कबूल करायला हरकत नाही. शनिवारी मी रहिमतपूरला माहेरी जायचे तेव्हा आईला हेच सांगत बसायचे. आई म्हणायची, तुझे घरमालक की तुझे सासू-सासरे? मी म्हणायचे, सासू-सासरे कुणी एवढ्या कौतुकानं सांगतं का.

तिसरा दौरा जॉर्जियाचा, साठ दिवसांचा. तो देश व्हिएतनामइतका स्वस्त नव्हता. तिथे दोघांनी आठ-आठ खाटांच्या खोल्यांत राहून, राजमा नि भात शिजवून पन्नास दिवस काढले. पानांचे फोटो मी बघत होते. सरासरी पंधराशे नव्वदच्या आसपास हलत होती. दाजीही बघत होते. ग्रुपवर ते रोज अंगठा टाकायचे आणि तो कौतुकाचा नसायचा.

एक्कावन्नाव्या दिवसाचं पान आलं आणि मी वर्गात मुलांना स्वाध्याय देऊन बाहेर व्हरांड्यात येऊन ते पुन्हा पाहिलं. खोली शून्य. जेवण शून्य. आकड्याची एकच ओळ होती: मेंढी एक, जिवंत, ९०००.

ही हकीकत मी दोघांकडून ऐकली आणि दोघांची जुळते. डोंगरातून खाली येताना त्यांची छोटी बस एका कळपामुळे थांबली. थंडी लागली की तिथली मेंढरं डोंगरावरून खाली येतात, रस्ता भरून. ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसला. काकी उतरल्या. काका म्हणतात, मी हाक मारेपर्यंत ती कळपाच्या मधोमध होती आणि मेंढरं तिच्या दोन्ही अंगांनी जात होती, बुजत नव्हती. कळपामागे तिघं राखणदार होते. एका मेंढीच्या खुरात खडा रुतला होता, तो काकींनी बसकण मारून काढला. झालं, त्या तिघांनी यांना सोडलंच नाही. बस गेली. ड्रायव्हर त्याच गावचा निघाला, तो संध्याकाळी परत आला आणि मोडक्या इंग्रजीत दुभाषा झाला.

रस्त्याच्या कडेला एक वेगळा लॉट बांधून ठेवला होता, पंधरा-वीस मेंढ्यांचा. म्हातारा राखणदार काकींना तिथे घेऊन गेला आणि हातानं विचारलं, यातली कुठली? काकींना वाटलं, आपली पारख बघतोय. त्या खूश झाल्या. माहेरी त्यांचे वडील पाहुण्यांसमोर त्यांना असंच उभं करायचे. त्यांनी दात बघितले, पाठ चाचपली, लॉटभर फिरल्या आणि सगळ्यात उत्तम मेंढीवर बोट ठेवलं. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि कमरेची सुरी काढली. तो पाहुण्यांचं जेवण निवडायला सांगत होता.

काकी मटण खातात, आवडीनं खातात. त्यांचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. पण मेंढी ओढताना त्यांचा हात तिच्या पोटाखाली गेला आणि त्यांना कळलं की ती गाभण आहे, तीन महिन्यांची तरी. हंगामाच्या बरीच आधी राहिलेली, म्हणून त्या तिघांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी म्हाताऱ्याचा हात धरून पोटाखाली लावला. म्हातारा चपापला, सुरी ठेवली आणि म्हणाला, दुसरी दाखवा. मग ही कळपात जाणार का, असं काकींनी विचारायला लावलं. ड्रायव्हर म्हणाला, नाही. हा सगळा लॉट विकलेला आहे, उद्या खाटकाची गाडी येणार. ही माणसं नोकर आहेत, मालक खाली शहरात असतो, त्याला गाभण आहे की काय याच्याशी घेणं नाही, त्याला नऊ हजारांशी आहे.

काकी मेंढीची मान धरून तिथेच खाली बसल्या.

‘ह्या समद्यांत कोनाचीबी नजर तिच्यावर न्हवती,’ त्या मला गच्चीवर सांगत होत्या. ‘बोट मी दावलं. गाभण जनावर सुरीखाली जाऊ द्यायचं न्हाई, हे आमच्या वडलांनी आमास्नी भाकरी खायच्या आदी शिकीवलंतं. मी ह्यांच्याकडं बघितलं बी न्हाई, बाई. ह्यांचा सोळाशेचा आकडा मला ठावं हुता.’

काकांनी फक्त ‘किती?’ एवढंच विचारलं. ड्रायव्हरनं आकडा सांगितला. त्यांनी पाकीट काढलं, पैसे मोजले, मालकाला फोन करायला लावला, आणि मेंढी कळपातच राहील, विकली जाणार नाही, असं म्हाताऱ्याकडून कबूल करून घेतलं. मग सॅकमधून टोपी काढली आणि शेकोटीजवळ बसून ती ओळ लिहिली. काकींनी सही केली. त्या रात्री राखणदारांनी त्यांना चीज-भाकरी खाऊ घातली आणि एक पैसा घेतला नाही, तेही पानावर शून्य म्हणून लिहिलेलं आहे.

दोघं परत आले तेव्हा साठ दिवसांची बेरीज एक लाख चार हजार चारशे होती. सरासरी सतराशे चाळीस. मी तीनदा केली. आठ हजार चारशे रुपये जास्त.

मला वाटलं होतं, यातून वाट काढता येईल. मी म्हटलं, काका, मेंढी हा राहण्या-खाण्याचा खर्च नाही, दानधर्म आहे, विमानासारखा बाजूला काढू. मुलगा पुण्याहून म्हणाला, बाबा, औषधात घाला, कोण बघतंय. काका माझ्यावर रागावले नाहीत, पण मुलाला म्हणाले, मेंढी म्हंजी औषध न्हवं. आणि मला म्हणाले, ‘बाई, घरी असतो आन गोठ्यातली गाय आजारी पडली असती, तर आपण त्यो खर्च घरखर्चातच धरला असता का न्हाई?’ मी म्हटलं, धरला असता. ‘मग झालं तर.’ त्यांनी पासपोर्ट रुमालात बांधला आणि येत्या रविवारी कुंडलला जायचं ठरवलं.

तो आठवडा त्या घरात जड गेला. काका एकदाही कुरकुरले नाहीत, तेच बघवत नव्हतं. सॅका धुऊन, वाळवून, डांबराच्या गोळ्या घालून माळ्यावर ठेवल्या. यादीत लिहिलं: सॅक दोन, निरुपयोगी. मला त्या माणसाचा एवढा राग आणि एवढा अभिमान एकाच वेळी आधी कधी वाटला नव्हता. नसती लिहिली तरी जगात कुणाला कळलं नसतं, अशी ओळ त्यांनी स्वतः लिहिली होती आणि तिच्यामुळे स्वतःचं हिंडणं बंद करून घेतलं होतं.

शनिवारी संध्याकाळी शेवटचं पान सहीला आलं. काकींनी ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. मला विचारलं, ‘बाई, सरासरी म्हंजी नेमकं काय वो? आता वर गेली, पन पुढचं दिस कमी खर्चाचं गेलं, तर ती खाली येती का?’

मी म्हटलं, येते. जेवढे वर गेलेत तेवढे वाचवावे लागतील.

‘मग मी सही करत न्हाई. दौरा संपला न्हाई माझा.’

काका म्हणाले, अगं, मी दाजींना शब्द दिलाय, मला उंबरा ओलांडायचा नाही. काकी म्हणाल्या, ‘शबुद तुमी दिलाता. तुमी बसा. मला कुनी इचारलं न्हवतं, तवा मी काय बोलले न्हाई.’

काकांनी एक अख्खा दिवस विचार केला. दोन सह्या झाल्याशिवाय वही बंद होत नाही, हा नियम त्यांचाच होता. तो मोडायचा तर आजवरच्या सगळ्या वह्या मोडाव्या लागल्या असत्या. रविवारी ते कुंडलला गेले नाहीत. दाजींना फोन केला, वही अजून उघडी आहे, पासपोर्ट थांबेल.

मी गणित मांडून दिलं. दोघांत सोळाशे म्हणजे माणशी आठशे. काकींनी एकट्यानं रोज सहाशेत भागवलं तर दिवसाला दोनशे वाचतील. आठ हजार चारशेला बेचाळीस दिवस. काकींनी नेपाळ निवडलं. विमान नको, हिंदी चालतं आणि डोंगरात मेंढरं आहेत म्हणे. ग्रुपवर लगेच वाद झाला की नेपाळ परदेश आहे का. काकांनी लिहिलं, नोट वेगळी, झेंडा वेगळा, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. मी तीन वेळा बॉर्डरवर होतो, मला शिकवू नका. दाजींनी अंगठा टाकला.

जानेवारीत जॉर्जियाच्या ड्रायव्हरनं फोटो पाठवला. मेंढीला दोन कोकरं झाली होती. मी गमतीनं विचारलं, काका, ही उत्पन्नात धरायची का? त्यांनी त्यावर खरोखर विचार केला आणि म्हणाले, नाही, माल तिथंच आहे. पण फोटो त्यांनी छापून आणला आणि पळ्या-झाऱ्यांच्या यादीशेजारी लावला.

फेब्रुवारीत काकी नेपाळला निघाल्या. त्रेसष्ट वर्षांच्या, नऊवारी, पांढरे बूट, पाठीवर सात किलो. मिरज स्टेशनवर काका त्यांना सूचना देत होते आणि त्या खिडकीतून बाहेर बघत ‘व्हय’ म्हणत होत्या. गाडी हलल्यावर काका डब्याबरोबर चार पावलं चालले. परत ते माझ्या स्कूटरवर मागे बसून आले.

रोज संध्याकाळी काकींचा हिशोब फोनवर आवाजात यायचा. काका टोपी घालून, उभे राहून तो ऐकायचे आणि मग लिहायचे. एका घरात राहिले, दोनशे, जेवणासकट. त्यांच्या सुनेला बाळ झालंय, मी अंग चोळून दिलं, आज पैसे घेतले नाहीत. अंडं अठरा रुपयांना आहे हितं, तुमी समजून घ्या. दोन दिवस मेंढरांसंगं चालले, खर्च शून्य, पाय बरे आहेत. काका ती एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा वाजवून ऐकत. मला म्हणायचे, आकडा नीट ऐकू आला न्हाई. आकडा अगदी नीट ऐकू येत असे. अठ्ठावीस वर्षं ते बाहेर होते आणि काकी घरी. घरी राहणं काय असतं, ते त्यांना आता कळत होतं, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं. चहा करून त्यांनी दोन कप भरले होते आणि एक मला आणून दिला होता.

एकोणचाळिसाव्या संध्याकाळी मी बेरीज केली. काकींची रोजची सरासरी पाचशे ऐंशी आली होती. सगळं मिळवून आठशेच्या हिशोबात एकशे ऐंशी रुपये शिल्लक. मी दोनदा तपासलं आणि म्हटलं, ‘काका, बसलं.’

मला वाटलं होतं, ते उठतील, ओरडतील, काहीतरी करतील. त्यांनी कपाटातून दुसरी वही काढून माझ्यासमोर ठेवली. घरखर्चाची. म्हणाले, ह्येच एकोणचाळीस दिवस, एका माणसाचे, करा. मी केले. डबेवाली, पेट्रोल, गुडघ्याचा डॉक्टर, चार लग्नांचे आहेर, एकट्याला करमत नाही म्हणून सांगलीला मारलेल्या चकरा. दिवसाला आठशे सत्तर.

काकांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

‘म्हंजी बाई, ती परदेशात पाचशे ऐंशीत, आन मी घरात बसून आठशे सत्तरला पडलो.’

मी म्हटलं, व्हय, काका.

त्यांनी दोन्ही पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. खाली स्वतःच्या हातानं टाइप केलं: बसलेला माणूस महाग. वह्या कुंडलला पाठवतो, दाजींनी तपासाव्यात. दाजींचा अंगठा त्या रात्री आला नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला, काकींना म्हणावं परत आल्यावर कुंडलला या, आमच्या सुना वाट बघतायत, त्यांना ऐकायचंय.

आता शेवटच्या पानावर काकींची सही हवी होती आणि काकी होत्या पोखऱ्याच्या पलीकडे कुठल्यातरी गावात. सही आणायला काकांना जाणं भाग होतं. दुसरी सॅकही माळ्यावरून निघाली. यादीतला ‘निरुपयोगी’ शब्द एक रेघ मारून खोडला आणि शेजारी सही केली. दुसऱ्या सकाळी मी त्यांना स्कूटरवरून मिरजेला तिकीट काढायला घेऊन गेले. दोन दिवसांनंतरची गाडी होती. रांगेत उभे असतानाच काकींचा निरोप आला. त्यांनी तो मोठ्यानं लावला, कारण हळू कसा लावायचा ते त्यांना येत नव्हतं.

‘आवं, तुमी या. पन जरा सावकाश या. पाच-सात दिस जाऊ द्या. म्होरल्या घाटाच्या पल्याड एक गाव हाय, तितं मला एकटीलाच जायाचं हाय.’

रांगेतली माणसं काकांकडे बघायला लागली. मला वाटलं, आता या माणसाला लागणार. काकांनी टोपी नीट केली, खिडकीशी गेले आणि पुढच्या आठवड्यातलं तिकीट मागितलं. खिडकीतल्या माणसानं काही विचारलं नव्हतं.

‘मिसेस नेपाळात हायत्या आमच्या,’ काकांनी त्याला सांगितलं. ‘एकट्या.’ मग मागे वळून रांगेतल्या लोकांनाही सांगितलं.